धुतलेला खजूर

मास्तर, तुमची बाटली आता माझ्याकडे आहे. वहिनींनी बोलावून घेतलं, आतल्या दारातून ती पुढं केली आणि म्हणाल्या, "घरात ठेवून मी काय करू, कासमभाई? हिच्यात मला लोणचंसुद्धा घालवणार नाही." हसल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. तीच ती रुंद तोंडाची जाड काचेची बाटली. बुचाच्या पोटात खिळा ठोकून त्याला कागदाची पट्टी टांगायची सोय तुम्ही केलेली. बरोबर पिवळ्या पट्ट्यांचा डबा आणि तुम्ही हातानं रंगवलेला तो पुठ्ठा. मी सगळं दुकानात आणून फळीवर मांडलं. दिवसभर गिऱ्हाईकं विचारत होती, शेट, अत्तर आलं काय नवीन?

शाळेत तुमच्यासाठी सभा झाली. हेडमास्तर बोलले, डॉक्टर बोलले. तुमचा जन्म, तुमचं शिक्षण, मुंबईच्या प्रयोगशाळेतली नोकरी, छातीच्या दुखण्यापायी ती सोडून मुरुडला येणं, सगळं सांगून झालं. मलाही बोला म्हणाले, मी नको म्हटलं. भर सभेत उभं राहून काय सांगणार? की या माणसाशी मी वर्षानुवर्षं भांडत आलो आणि भांडण अर्ध्यावर टाकून हा निघून गेला? ते इथं सांगतो. इथं निदान "एक मिनिट, कासमशेट" म्हणून मध्येच बोट वर करायला तुम्ही नाही.

तुमची माझी ओळख खजुरानं करून दिली, पण ती काही गोड ओळख नव्हती.

वडील गेल्यावर मी पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर खजूर मागवला होता. बसऱ्याहून गलबतानं मुंबईला, तिथं एका वखारीत मुक्काम आणि मग मचव्यानं मुरुडला. रमजान तोंडावर आलेला. आमच्या गावात रोजा खजुरानं सुटतो. घरात बाकी काही असो नसो, सूर्य बुडाला की मगरिबच्या अजानला हातात एक खजूर हवा. वडिलांच्या हयातीत तो आमच्या वखारीतून जायचा. आता पोराला हे झेपतं का, हे अख्खा मोहल्ला डोळे लावून बघत होता. मीही छाती काढून फिरत होतो, खोटं कशाला बोलू.

धाकू हमालानं वखारीत चटईची बोचकी फाडायला घेतली आणि थोड्या वेळात डोकं धरून खाली बसला. मग आडवाच झाला. ओढून बाहेर आणला, तोंडावर पाणी मारलं, तेव्हा डोळे उघडले. "शेट, घशात कडू कडू लागतंय," एवढंच म्हणाला. दवाखान्यातले डॉक्टर आले, धाकूला तपासलं, दाराशी उभं राहून वखारीचा वास घेतला आणि म्हणाले, "माणूस वाचला. पण हा वास माझ्या आवाक्यातला नाही. शाळेत सायन्स शिकवणाऱ्या त्या नव्या मास्तरांना बोलवा."

मग तुम्ही आलात. गळ्याला मफलर, पौषातल्या कोरड्या उन्हात हातात छत्री आणि अंगावर एवढंसं मांस. मी मनात म्हटलं, वारा सुटला तर छत्रीच्या आधी ह्यांनाच धरावं लागेल. आल्या आल्या तुम्ही सगळ्यांना बाहेर काढलंत, दारं-खिडक्या सताड उघडायला लावल्यात आणि लांबूनच नाक वर करून उभे राहिलात. "मुंबईच्या वखारींत उंदीर आणि किडे मारायला विषारी वायूची धुरी देतात," तुम्ही म्हणालात. "धुरी दिल्यावर माल मोकळ्या हवेत ठेवायचा असतो. तो ठेवायचं तिथं कुणीतरी विसरलंय. आता वायू खजुरात किती मुरलाय ते बघायला हवं. विक्री थांबवा आणि मूठभर खजूर माझ्या घरी पाठवा."

मूठभर खजूर पाठवा, इतकंच बोललात. कसा पाठवा ते बोलला नाहीत, आणि तिथंच सगळं फिसकटलं.

मी वाडगाभर खजूर काढून अम्माच्या हवाली केला. मास्तरांकडे धाडायचा आहे, म्हटलं. आता आमच्या अम्माचा स्वभाव तुम्हाला पुढं चांगलाच कळला, पण तेव्हा तुम्ही गावात नवे. शिकल्यासवरल्या माणसाच्या घरी, तेही बामणाच्या घरी, आपल्या घरातून पहिल्यांदा काही जायचं, आणि ते धुळीचं जायचं? तिनं एकेक खजूर निवडला. तीन पाण्यांनी धुतला. सुपात पसरून अंगणात वाळत घातला आणि पाखरं येऊ नयेत म्हणून दीड दिवस काठी घेऊन स्वतः शेजारी बसली. मग ठेवणीतलं पितळेचं ताट घासूनपुसून काढलं, खजूर त्यात मांडला आणि वर विणलेला जाळीचा रुमाल घातला. मी ते ताट घेऊन तुमच्याकडे निघालो तेव्हा कुणालाही वाटलं असतं, सोयरीक घालायला चाललाय.

तुमच्या पडवीत बसून मी पहिल्यांदा तुमचं काम बघितलं. तुम्ही खजूर चिरलात, ठेचलात, बाटलीत थोड्या पाण्यात घातलात, वर पिवळी पट्टी टांगलीत आणि बूच घट्ट बसवलंत. "विष असेल तर वाफ वर येईल आणि पट्टी लाल होईल. जितकं विष, तितका रंग गडद," म्हणालात. त्या पुठ्ठ्यावर पिवळ्यापासून विटेपर्यंतचे रंग तुम्ही ओळीनं रंगवले होते आणि प्रत्येकापुढं खजुरात किती विष निघेल ते लिहिलं होतं. बाटली उन्हात ठेवलीत आणि आपण वाट बघत बसलो. मला उगाच तहान लागली. पट्टी पिवळीच राहिली, अगदी हळदीसारखी. तुम्ही ती पुन्हा पुन्हा पुठ्ठ्याशी लावून बघितलीत. "आश्चर्य आहे," म्हणालात. "पण ह्यात काही सापडत नाही. धाकूला कोंडलेल्या हवेनं बाधलं असेल."

मी घरी चालत गेलो नाही, उडत गेलो. जुम्म्याच्या नमाजानंतर विक्री सुरू, असं गावभर सांगून टाकलं.

भरलं ताट आलं की रिकामं परत धाडायचं नाही, ही रीत तुमच्याकडेही आहे आणि आमच्याकडेही. नेमक्या त्या रीतीनं घात केला असं तेव्हा मी म्हणायचो, आता म्हणतो की तिनंच वाचवलं. वहिनींनी ताटात तिळाच्या वड्या घातल्या आणि तुम्ही जेवत होता तेव्हा सहज म्हणाल्या, "ज्या घरून हे आलं ती बाई मोठी टापटिपीची दिसते हो. खजुरावर धुळीचा कण नव्हता, हाताला चिकटतसुद्धा नव्हता." तुमचा घास हातातच राहिला. हे वहिनींनीच मला मागाहून सांगितलं. पानावरून उठलात, हात धुतलात आणि ताट घेऊन निघालात.

आमच्या दारात पोहोचलात तेव्हा मफलर एकीकडे, धाप लागलेली, आणि अर्ध्या वड्या रस्त्यात पडलेल्या. अम्मा ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"अम्मा, तो खजूर धुतला होतात का तुम्ही?"

"व्हय तर!" अम्मानं मान ताठ केली. "तीन पान्यांनी. आनि दीड दिस उन्हात सुकवला. एक किडका धाडला न्हाय."

"उन्हात म्हणजे बाहेर? वाऱ्यावर?"

"मंग काय घरात सुकवू? कुबट वास नाय लागत?"

तुम्ही पायरीवर मटकन बसलात. अम्मा घाबरून तांब्या घेऊन आली, मग मध्येच थबकली आणि म्हणाली, "आमच्या घरचं पानी चालंल न्हवं तुमाला?" तुम्ही तांब्या तिच्या हातातून घेतलात आणि घटाघटा पाणी प्यायलात. मग हसायला लागलात. मी तेव्हा मशिदीत होतो; अम्मा मागाहून सांगायची, तिला वाटलं, विष मास्तरांच्याच डोक्यात गेलं.

पुढचं तुम्हाला आठवायला नको, पण मला आठवायला आवडतं. नमाज सुटला होता. वखारीसमोर गर्दी, कुणाच्या हातात पिशवी, कुणाच्या हातात परडी. मी कुलपाला चावी लावली आणि तुम्ही दारासमोर आडवे उभे राहिलात. "विक्री करू नका. माझी तपासणी चुकली."

माझं डोकंच फिरलं. "काल गोड होता तो आज विष झाला? बाटलीला डुलकी लागली होती काय तुमच्या?" असलं बरंच काही बोललो. गर्दी माझ्या बाजूची. कुणी म्हणालं, मास्तरांना आमच्या रमजानचं वावडं आहे. ते तुम्ही ऐकलंत. मी तुमच्या तोंडाकडे बघत होतो म्हणून सांगतो, ते लागलं तुम्हाला. पण तुम्ही खोकला येऊ दिलात, तो थांबू दिलात आणि शांतपणे म्हणालात, "दिवसभर तुमच्या पोटात पाण्याचा थेंब नसतो. त्या रिकाम्या पोटात पहिला घास ह्याचा जातो. म्हाताऱ्यांच्या पोटात, लेकरांच्या पोटात. भरल्या पोटी खाणारा असता तर मी एवढा अडलो नसतो."

कुणी म्हणालं, मग काल कसं चुकलं? तेव्हा तुम्ही काय बोललात ते मी कधी विसरणार नाही. "नमुना कसा घ्यायचा, कसा आणायचा, ते सांगणं माझं काम होतं. मी सांगितलं नाही. चूक माझी." अम्माचं नाव तुम्ही घेतलं नाहीत. धुण्याचं, उन्हात घालण्याचं, कशाचंही नाव नाही. म्हातारी वखारीला लागूनच असलेल्या आमच्या घरात, खिडकीच्या पडद्याआड उभी राहून ऐकत होती. "तिनं धुतलं म्हणून चुकलं" एवढं एक वाक्य बोलला असता तर तुम्ही मोकळे झाला असता आणि गावानं जन्मभर आमच्या अम्माला हसून हैराण केलं असतं. ते वाक्य तुम्ही गिळलंत. त्याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. आधी रागात होतो, मग लाज वाटली, मग फार दिवस झाले. आज मानतो, मास्तर. फार मोठं मन तुमचं.

मग तुम्ही स्वतः बोचक्याच्या पोटात हात घालून खजूर काढलात, न धुतलेला, चिकट, काड्याकचऱ्याचा. बाटली माझ्याच दुकानाच्या पायरीवर उन्हात ठेवलीत. अख्खी गर्दी उकिडवी बसून पट्टीकडे बघत होती. हळदीला चुन्याचं बोट लागावं तशी ती कडेकडेनं बदलायला लागली. आधी नारिंगी, मग तांबूस, मग पक्की विटेसारखी. पिशव्या, परड्या निमूट घरी गेल्या.

"आता काय, समुद्रात बुडवू सगळा?" मी विचारलं. माझा आवाज रडवेला झाला होता, ते तुम्ही न ऐकल्यासारखं केलंत.

"थांबा. अम्माच्या खजुरात विष का नव्हतं?" तुम्ही जणू स्वतःलाच विचारलंत. "पाण्यानं थोडं गेलं असेल. पण खरं काम वाऱ्यानं आणि उन्हानं केलं. मुंबईवाले विसरले ते म्हातारीनं सुपात केलं. कासमशेट, एवढा सगळा खजूर पसरायला जागा आहे का कुठं, चांगली वाऱ्याची?"

एवढी जागा आमच्याकडे एकच. कोळीवाड्याचं खळं, जिथं मासळी सुकते. आपण दोघं तिथं गेलो. पारूबाय बोंबील उलथत होती. तिचं म्हणणं ऐकून घेताना तुम्ही दोन पावलं मागं सरकला होतात.

"खजूर? हितं? आनि आमचं म्हावरं कुटं सुकवायचं, या मास्तरच्या छत्रीवर?"

तुम्ही तिला सगळं समजावून सांगितलंत. वर्गात पोरांना सांगावं तसं, न चिडता, धुरीपासून धाकूपर्यंत. तिनं कमरेवर हात ठेवून ऐकलं. शेवटी म्हणाली, "रोज्याच्या मानसांचा खजूर हाय न्हवं? मंग घाला. पन कावल्यांना तुमीच हाकलायचं. आमाला टाइम न्हाय."

आणि तुम्ही हाकललेत! गंमत वाटते आता. शाळा सुटली की मफलर गुंडाळून खळ्यावर हजर. खजूर जाड थरानं पसरला तर ओरडायचात, पातळ पसरा, मधल्यालाही वारा लागू दे. एका हातात काठी, दुसऱ्या हातात छत्री, आणि समुद्रावरून येणाऱ्या त्या वाऱ्यात उभे, तुमच्या तसल्या छातीनं. मी म्हटलं घरी जा, तर म्हणालात, "ह्या खजुराला जो वारा लागतो तो मला नाही बाधणार." शास्त्र शिकलेल्या माणसाचं हे बोलणं! संध्याकाळी ढिगाच्या निरनिराळ्या ठिकाणांहून खजूर उचलायचा, बाटलीत घालायचा, पट्टी पुठ्ठ्याशी लावायची. विटेची तांबूस झाली, तांबूसची नारिंगी. रमजानचा चाँद दिसला तरी पिवळी होईना. सुरुवातीचे रोजे गावानं पाण्यानं आणि केळ्यानं सोडले, आणि रोजा सोडल्यावर तोंडात आलेली पहिली ताकद तुम्हाला नि मला शिव्या घालण्यात खर्च केली.

मग एका संध्याकाळी तुम्ही पट्टी उन्हाकडे धरलीत आणि माझ्या हातात दिलीत. पिवळी. मी ती अम्माला दाखवायला पळत गेलो होतो, आठवतं?

खजूर विकला गेला सगळा. बाधला कुणालाच नाही. फक्त त्या साली मुरुडच्या खजुराला बोंबलाचा वास होता. लोक नाक मुरडत खायचे आणि हसायचे. मशिदीत एक म्हातारे चाचा म्हणाले, "कासम, पुढच्या साली जरा कोळंबीवर सुकव." ते ऐकून तुम्ही इतके हसलात की खोकल्याची उबळ आली.

त्यानंतर दर साली माझा माल आला की तुमची बाटली आली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी नेमलं नव्हतं. मला तर तुम्ही नको होतात, खरं सांगतो. बाकीच्या गावांत खजूर मचव्यातून उतरून थेट बाजारात, आणि माझा मात्र आधी मास्तरांच्या पडवीत हजेरी लावणार. पण हळूहळू लोक विचारायला लागले, "मास्तरांनी बघितलाय न्हवं?" पार बोर्लीहून गिऱ्हाईक यायला लागलं. तुमचं नाव माझ्या दुकानाची पाटी झालं आणि तुम्ही त्याबद्दल अवाक्षर बोलला नाहीत.

आता आपलं भांडण. ते काढल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.

एवढ्या सालांत तुम्ही माझा एक खजूर खाल्ला नाहीत. आमच्या ओट्यावर बसून अम्माच्या हातचा चहा घेतलात, सगळ्या आळीसमोर. तुमच्या नातेवाइकांनी त्यावरून तुम्हाला ऐकवलंही. पण खजुराची बशी पुढं केली की हात मागं. पहिल्या साली मला वाटलं, दुखण्याचं पथ्य असेल. दुसऱ्या साली वाटलं, बोंबलाचा धसका घेतलाय. मग मात्र मनात किडा वळवळायला लागला. मी तोंडावर विचारलं, "मास्तर, चहा म्हणजे पाणी आणि खजूर म्हणजे अन्न, असलं काही बारीक शास्त्र आहे काय तुमच्यात? तसं असेल तर सांगून टाका, मी रागावणार नाही." रागावलो होतोच तेव्हा.

तुम्ही म्हणालात, "खाल्ल्या मिठाला जागावं लागतं, कासमशेट. तुमच्या खजुराला जागलो तर पट्टीला कुठून जागणार?"

"एक खजूर खाऊन तुमची पट्टी खोटी होते?"

"पट्टी नाही होत. पट्टी बघणारा होतो. नारिंगी आणि पिवळी यांच्यामध्ये एक जागा असते, तिथं डोळ्याला ठरवावं लागतं. जिभेला गोडी लागली की डोळा पिवळ्याकडे झुकतो."

मी म्हटलं, हा तुमचा मानभावीपणा. कुणी एवढं काटेकोर नसतं. खरं कारण दुसरं असणार, आणि ते बोलायला जीभ रेटत नाही म्हणून हे पट्टीचं कौतुक. तुम्ही नुसतं हसायचात. दर रमजानला हेच. मी बशी पुढं करायची, तुम्ही हात मागं घ्यायचा, मी टोमणा मारायचा, तुम्ही चहा मागायचा. अम्मा म्हणायची, "अरे, त्यांना छळू नको. मानूस पान्याला न्हाय म्हनला न्हाय, मंग खजुराला कशाला म्हनंल?" तिला तेव्हाच कळलं होतं बहुतेक. मला कळायला तुम्हाला जावं लागलं.

शेवटच्या दुखण्यात मी आलो होतो. तुम्ही उशीला टेकून बसलेले, हात काडीसारखे. मी खिशातून खजुराची पुडी काढली. "आता बाटली फळीवर ठेवलीत ना? तपासणीही सुटली. मग आता तरी एक खा." तुम्ही पुडीकडे बराच वेळ बघितलंत. मला वाटलं, जिंकलो. मग म्हणालात, "नवा माल कधी येतोय?" मी म्हटलं, दिवाळीच्या सुमाराला. "तो बघून होऊ दे. मग बघू," म्हणालात आणि डोळे मिटलेत. मी पुडी वहिनींजवळ ठेवली नाही, परत घेऊन आलो. रुसून आलो, मास्तर. मरणाच्या दारातल्या माणसावर रुसलो मी.

दिवाळीत तुमच्या घरी पणती नव्हती. नवा माल त्यानंतर लगेच आला, आणि रमजान अगदी दारात उभा.

मुंबईहून निरोप होता की हल्ली धुरी दिल्यावर माल नीट वाऱ्याला टाकतात, काळजी करू नका. बोचकी फाडली, कुणाला चक्कर आली नाही, कडू वास नाही. कुणी विचारत नव्हतं, मास्तरांनी बघितलाय का म्हणून, कारण विचारायला कुणाची जीभ धजेना. तसाच विकला असता तर माझा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. मी किल्ली घेऊन निघालो आणि दुकानाच्या फळीवर ती तुमची बाटली दिसली.

नमुना मी बोचक्याच्या पोटातून काढला. घरी आणला तर अम्मा, आता डोळ्यांनी पार अधू झालेली, सवयीनं पाण्याचं भांडं घेऊन आली. "अम्मा, हात लावू नको!" मी असा ओरडलो की ती दचकली. मग ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मीही रडलो. ठेचला, बाटलीत घातला, पट्टी टांगली, बूच लावलं, पायरीवर उन्हात ठेवून बसलो. माझी तहान तीच, तुमच्या पडवीतली.

पट्टी लाल झाली नाही. पण पिवळीही राहिली नाही. पुठ्ठ्याशी लावली तर नेमकी त्या जागेवर, जिथं डोळ्याला ठरवावं लागतं. मास्तर, मी ती सावलीत धरून बघितली तर पिवळी दिसली. मग उन्हात धरली तर नारिंगी. मग पुन्हा सावलीत नेली. माल माझा, नाव माझं, दारात रमजान, आणि माझा डोळा कसा सावलीकडे धावत होता ते मी स्वतः बघितलं. त्या क्षणी तुमचं म्हणणं मला समजलं, आणि इतकी सालं मी तुमच्यावर कसला संशय घेत आलो तेही समजलं.

दुसऱ्या दिवशी सगळा खजूर खळ्यावर होता. पारूबायनं काही विचारलं नाही. बोंबील सरकवले, चटया अंथरल्या आणि म्हणाली, "मास्तर गेलं. आता कावलं कोन हाकलनार? तुमी?" मी काठी उचलली. गळ्याला मफलर मात्र बांधला नाही, ते सोंग झालं असतं. वारा चांगला होता. पट्टी पिवळी झाली, उन्हात धरली तरी पिवळीच राहिली, तेव्हा विक्री उघडली. पहिल्याच गिऱ्हाईकानं विचारलं, "बघितलाय न्हवं?" मी म्हटलं, "बघितलाय." कुणी, ते त्यानं विचारलं नाही.

पहिल्या रोज्याला मशिदीतून लवकर घरी आलो, अम्माबरोबर रोजा सोडायला. तिनं खाली अंथरलेल्या दस्तरखानावर बशी मांडली होती, त्याच पितळेच्या ताटात, जाळीच्या रुमालाखाली. ह्या खेपेला खजूर धुतलेला होता, आता धुवायला काही हरकत नव्हती. अजान झाली. अम्मानं चाचपडत एक खजूर उचलला, आपल्या तोंडात घातला आणि बशी माझ्याकडे सरकवली.

माझा हात पुढं गेला, आणि मागं आला. माल माझाच, बघणाराही मीच. अजून किती बोचकी उघडायची आहेत, किती पट्ट्या टांगायच्या आहेत. मी पाण्याचा पेला घेतला आणि त्या घोटावर रोजा सोडला.

"का रं?" अम्मानं विचारलं. "खजूर चांगला न्हाय?"

"चांगला आहे," मी म्हटलं. "म्हणूनच."

अम्मानं बशीवर पुन्हा रुमाल घातला आणि म्हणाली, "मास्तर पन असंच करायचं."